भोंगा वाजल्यावर आठवणारी माणसे

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत एकाच दिवशी तालीम घ्यायला सांगितली. महाराष्ट्रातल्या सोळा ठिकाणांची यादी वाचून अनेकांना नवल वाटले. मुंबई, पुणे, ठाणे ठीक. पण तारापूर, मनमाड, थळ-वायशेत कशाला? यादी खरे तर जुनीच होती. तारापूरला अणुवीज केंद्र, मनमाडला रेल्वेचे जंक्शन आणि इंधनाचे साठे, थळला खताचा कारखाना. शत्रूच्या विमानाने पहिला नेम कुठे धरला असता, याचा हिशेब सरकारी कागदावर कधीचाच मांडलेला होता. विसरलो होतो ते आपण. तालमीचा दिवस ७ मेचा. त्याच दिवशी पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि एरवी हसण्यावारी गेली असती अशी तालीम एकदम गंभीर झाली. मुंबईत क्रॉस मैदानावर स्वयंसेवकांनी आग विझवण्याची, जखमींना हलवण्याची प्रात्यक्षिके केली. बघ्यांमधल्या बऱ्याच जणांना नागरी संरक्षण दल नावाचे काही अजून चालू आहे हे त्या दिवशी कळले.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत आणखी दोन कागद समोर आले. गृहमंत्रालयाने राज्यांना नागरी संरक्षण नियमांतल्या आणीबाणीच्या तरतुदी वापरून आवश्यक सामग्री तातडीने घ्यायला सांगितले. संरक्षण मंत्रालयाने प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या, जवानांना सेवेवर बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ उभ्या करण्याची ती परवानगी होती. १० मेला गोळीबार थांबला. भोंगे शांत झाले आणि चर्चाही.

युद्धात आणि शांततेत देशासाठी राबायला तयार असलेल्या साध्या नागरिकाचे आपण शंभरेक वर्षांत काय केले, याचा आढावा घ्यायचा तर या तीन दिवसांत त्याचे सगळे सार आहे. हाकेला ओ देणारी माणसे आपल्याकडे कधी कमी पडली नाहीत. हाक नसताना त्यांना सांभाळण्यात मात्र आपण सतत कमी पडलो.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते, कारण सामान्य माणसाला मोठ्या प्रमाणावर युद्धाला जुंपण्याचा आपल्याकडचा पहिला अनुभव तोच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागले ते उगाच नाही. या एका गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि इंग्रजांनी तिथे स्मृतिस्तंभ उभारला. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांत अशा पाट्या आहेत. आज त्यांच्याभोवती रिक्षा उभ्या असतात, पण गेलेल्यांचा आकडा कोरलेला वाचता येतो. या भरतीबद्दल पुढाऱ्यांमध्ये एकमत नव्हते. टिळकांची भूमिका त्यातली सर्वांत सरळ. मुले पाठवू, पण त्यांना अधिकारपदे द्या आणि देशाला स्वराज्य द्या. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्ध परिषदेत ते हेच बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवले गेले आणि टिळक सभागृहातून उठून गेले. नागरिकाने देशासाठी मरायचे, पण देश कुणाचा हे विचारायचे नाही, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता.

याच व्यवहाराची अधिक कडू बाजू महार सैनिकांच्या वाट्याला आली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद केली गेली; लढाऊ जाती कोणत्या याचा साहेबांनी नवा सिद्धांत काढला होता. गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. उपयोग झाला नाही. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तसे दार उघडले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, ती मात्र टिकली. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण सैन्यभरतीला इतकी नेमकी लागू पडावी, याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत गेले आणि त्यात सक्तीने भरलेला एकही नव्हता. जगातले सर्वांत मोठे स्वेच्छेचे सैन्य म्हणून त्याचा गौरव होतो. या स्वेच्छेत दुष्काळ, कर्ज आणि कोरडवाहू शेती किती होती, हे विचारल्याशिवाय तो गौरव पुरा होत नाही. हेच युद्ध मुंबईच्या चाळींपर्यंत आले ते एआरपीच्या रूपाने. एआरपी म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची व्यवस्था. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या, वाळूने भरलेल्या बादल्या, आणि रात्री 'दिवा मालवा' म्हणून ओरडत फिरणारे वॉर्डन. जपानी बाँब मुंबईवर पडलेच नाहीत. शहर हादरले ते १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी, व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टायकिन' या मालवाहू जहाजामुळे. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गासड्या, ही भरणीच मुळात आत्मघातकी. चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने झालेल्या दोन स्फोटांत शेकडो माणसे गेली आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परतले नाहीत. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, ढिगारे उपसायला सात महिने. १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो याच दुर्घटनेमुळे. आढाव्यात तिचे महत्त्व वेगळे आहे. शत्रूसाठी केलेली तयारी अपघाताला उपयोगी पडते, हे मुंबईने त्या आठवड्यात पाहिले. सरकारी कायद्यात ही गोष्ट शिरायला त्यानंतर ६५ वर्षे लागली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागरिकांची जी पहिली संघटना उभी राहिली, तीही मुंबईतच. दंगलींनी पोलीस थकले होते. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी ६ डिसेंबर १९४६ रोजी होमगार्ड स्थापन केले. पाठोपाठ १९४७ चा मुंबई होमगार्ड कायदा आला. गणवेश घालून पोलिसांच्या मदतीला उभा राहणारा, पण पोटापाण्यासाठी दुसरा धंदा करणारा नागरिक, अशी ती कल्पना. पगार नाही, कर्तव्याच्या दिवसाचा भत्ता फक्त. पुढे दोन वर्षांत एनसीसी आली (पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून, १५ जुलै १९४८), आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते प्रादेशिक सेनेचे उद्घाटन झाले. नोकरी-धंदा सांभाळून वर्षातले काही आठवडे सैनिक व्हायचे, ही प्रादेशिक सेनेची मूळ अट. सेवेवर बोलावलेल्या माणसाला परतल्यावर त्याची जुनी नोकरी मिळालीच पाहिजे, असे बंधन कायद्याने मालकावर आहे. हे कलम किती मालकांनी वाचले असेल, हा निराळा विषय.

सरकारच्या छत्राबाहेरही एक परंपरा त्या काळात चालू होती. १९४१ च्या राष्ट्र सेवा दलाने मुलांना कवायतीबरोबर श्रमदान शिकवले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवली. त्यात पुण्या-मुंबईकडून गेलेले तरुण होते, संगीतकार सुधीर फडके होते. भारत सरकारची फौज त्यात नव्हती, आणि पुढची सात वर्षे हा मुलूख औपचारिकरीत्या भारतातही नव्हता. नागरिकांनी सरकारच्या आधी पाऊल टाकावे आणि सरकारने मागाहून कागद पुरे करावेत, असा हा प्रसंग. तो आदर्श मानावा की अपवाद, यावर वाद होऊ शकतो. शस्त्र घेतलेले स्वयंसेवक आज आपल्या बाजूचे असतात आणि उद्या कुणाच्या असतील सांगता येत नाही. म्हणून मी तो अपवाद मानतो.

१९६२ ने सगळे बदलून टाकले. चीनच्या आक्रमणाने देशाला जो धक्का बसला, त्याची सर्वांत खरी प्रतिक्रिया सामान्य घरांतून आली. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी पाटल्या-बांगड्या उतरवून दिल्या, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, रक्तदानाला रांगा लागल्या. यशवंतराव चव्हाण हिमालयाच्या मदतीला निघाले आणि त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून सूत्रे घेतली तोच २१ नोव्हेंबरचा दिवस चीनच्या एकतर्फी युद्धबंदीचा निघाला. लोकांची तयारी झाली तोवर युद्ध संपले होते. या उधाणाचे सरकारने काय केले? १९६३ मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची केली. राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या स्वयंसेवी दलांना होमगार्डच्या एका साच्यात बसवले. नागरी संरक्षणाची आखणी झाली आणि तिचा कायदा १९६८ मध्ये आला. त्याच साली एनसीसीची सक्ती काढून घेतली गेली. पाच वर्षांत कळून चुकले होते की पुरेसे प्रशिक्षक नसताना लाखो मुलांना मैदानावर उभे केले, तर त्यांना देशभक्तीऐवजी पळवाटा शिकायला मिळतात. त्या पिढीतल्या आजोबांना विचारून पाहा. परेडची आठवण ते हाजरीच्या युक्त्यांसकट सांगतील.

नागरी संरक्षणाची मूळ रचना मात्र विचारपूर्वक केलेली होती, आणि तिच्याकडे जरा जवळून पाहायला हवे. वस्तीनिहाय वॉर्डनची चौकी, तिच्या हाताखाली सेक्टर, प्रत्येक गल्लीत घरातल्या आगीशी झुंजणारे छोटे पथक. एकंदर बारा सेवा. त्यांत सुटका, अग्निशमन, प्रथमोपचार, संदेशवहन आहे, तसेच विस्थापितांची सोय आहे, वाचलेला माल गोळा करणे आहे आणि मृतदेहांची विल्हेवाटही आहे. ही शेवटची सेवा वाचताना अंगावर काटा येतो. पण शहरावर बाँब पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय करावे लागते, याचा विचार केलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हेही जाणवते. वॉर्डनचे मुख्य भांडवल म्हणजे त्याचे डोके. कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुठल्या घरात रॉकेलचा साठा आहे, विहीर कुठे आहे, गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, हे त्याला तोंडपाठ हवे. असे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९५७ पासून नागपुरात होती. नागपूरला ती येण्याचे कारण नकाशात आहे: सगळ्या सीमांपासून लांब आणि सगळ्यांना सारखेच जवळ.

१९६५ आणि १९७१ मध्ये या तयारीची परीक्षा झाली. मुंबई-पुण्यातल्या ब्लॅकआउटच्या गोष्टी बऱ्याच जणांनी आईवडिलांकडून ऐकलेल्या असतात, म्हणून त्या इथे सांगत नाही. १९६५ च्या सप्टेंबरात राजस्थानच्या सीमेवर गडरा रोडजवळ विमानहल्ल्यात रेल्वेचे १७ कर्मचारी गेले; सैन्याला रसद पोचवणारी लाइन चालू ठेवणे हे त्यांचे काम होते. बंदूक हाती न घेता युद्धात पडलेल्या या लोकांची आठवण रेल्वेवाले दर वर्षी काढतात, बाकी देशाला ते ठाऊक नाहीत.

भुजची गोष्ट त्या मानाने प्रसिद्ध आहे, पण सिनेमाने तिची चव घालवली. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या हवाई तळाची धावपट्टी फोडली. तळाची जबाबदारी स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक या मराठी अधिकाऱ्यावर होती. दुरुस्तीला मजूर नव्हते. जिल्हा प्रशासनामार्फत शेजारच्या माधापर गावात निरोप गेला आणि सुमारे तीनशे बायका कामावर आल्या. बऱ्याच जणी तान्ही पोरे घरी किंवा शेजारी ठेवून आल्या होत्या. विमानातून दिसू नये म्हणून फिक्या हिरव्या साड्या नेसायला सांगितले होते. भोंगा वाजला की पळत जाऊन बाभळीच्या झुडपांत दडायचे, धोका टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा घमेली उचलायची. धावपट्टी शेणाने सारवून झाकली. पहिला दिवस उपाशीच गेला. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून सुखडी आली. ७२ तासांत विमान उडेल अशी धावपट्टी तयार झाली. पुढे त्यांना ५० हजार रुपये बक्षीस मिळाले, ते त्यांनी गावाच्या सभागृहाला दिले.

या कथेत वीरश्री ओतायची गरज नाही, कारण तिच्यातली खरी गोष्ट व्यवहाराची आहे. या बायका बांधकामाच्या आणि शेतीच्या कष्टांना सरावलेल्या होत्या. काय करायचे ते माहीत असलेला अधिकारी समोर होता, आणि त्याला गावाशी जोडून देणारे प्रशासन होते. तीनही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते काम झाले. नुसता जोश असता, तर तीनशे जणी धावपट्टीवर गोंधळ घालून विमानांना आयते लक्ष्य झाल्या असत्या.

देशसेवेच्या नावावर नागरिकांना कशाला बोलावले जाते, हाही प्रश्न आहेच. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा ऐतिहासिक संप झाला, तेव्हा गाड्या चालत्या ठेवण्यासाठी प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या बोलावल्या गेल्या. त्या तुकड्यांतले जवान म्हणजे रेल्वेचेच कामगार. एका बाजूला संपावरचे सोबती, दुसऱ्या बाजूला गणवेशाचा हुकूम. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये घातली गेली. आवाहन होईल तेव्हा देशाचे रक्षण करणे आणि राष्ट्रीय सेवा बजावणे हे त्यांतले एक. राष्ट्रीय सेवा कशाला म्हणायचे, ते तिथेही सांगितलेले नाही. आवाहन करणारा ठरवेल ती सेवा, असाच त्याचा अर्थ आजवर झाला आहे.

शांततेच्या काळात होमगार्डचे जे झाले, ते पाहिले की हे लक्षात येते. तालुक्याच्या गावातला होमगार्ड दिवसा किराणा दुकानात असतो, रिक्षा चालवतो, द्राक्षबागेत फवारणीला जातो. गणपती, आषाढी वारी, निवडणुका, परीक्षा, मोहरम. सण आला की त्याचा फोन वाजतो आणि तो एकच विचारतो, बंदोबस्ताला नाव लागले का? काठी, शिट्टी, खाकी कपडे, आणि बारा-बारा तास दोरखंड धरून उभे राहणे. तालुका समादेशकही मानसेवी. दलाचे ब्रीद निष्काम सेवा. पण ज्याला वर्षातले काही महिने कामच नाही, त्याच्यासाठी भत्त्याचा हा दिवस म्हणजे चूल पेटण्याचा दिवस असतो; त्याला निष्काम म्हणणे क्रूरपणाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की हे लोक नियमित सरकारी नोकर नाहीत, पण त्यांचा भत्ता असा असावा की तीस दिवसांचा मिळून पोलिसाच्या किमान वेतनाइतका होईल. महाराष्ट्रात २०२४ मध्ये रोजचा भत्ता ५७० वरून १,०८३ रुपयांवर गेला. चांगले झाले. तरी मूळ दुखणे राहिलेच. आणीबाणीसाठी तयार ठेवायचे दल आपण स्वस्तातला पोलीस म्हणून वापरतो. वर्षभर गर्दी अडवणाऱ्या माणसाला पुराच्या पाण्यात दोर कसा टाकायचा हे शिकवायला वेळ उरत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज ती लाखोंच्या घरात आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. पोत्यांत वाळू भरून घातलेले वनराई बंधारे, गावसफाई, संध्याकाळी पथनाट्य. त्यातले काही बंधारे पहिल्या पुरात वाहून जातात आणि काही मुले फक्त वाढीव गुणांसाठी येतात, हे खरे. तरीही शहरातल्या मुलाने सात दिवस गावच्या शाळेत जमिनीवर झोपावे, हँडपंपावर आंघोळ करावी आणि कुणाच्या तरी ओसरीवर चहा प्यावा, एवढ्यासाठीही मी ही योजना चालू ठेवीन.

खरी कसोटी आपत्तीत लागते. इथे महाराष्ट्राचा अनुभव मोठा आहे, आणि तो महाग पडलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. मदतीला राज्यातून, देशातून लोक धावले. इतके धावले की अरुंद रस्त्यांवर मदतीच्याच गाड्यांची कोंडी झाली आणि जुन्या कपड्यांचे ढीग वाटेवर पडून राहिले. पुनर्वसनाच्या काळात जे घडले ते कमी लोकांना माहीत आहे. घरे दुरुस्त कशी करायची हे गावोगाव समजावून देण्यासाठी बचतगटांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम उभे केले. कालपर्यंत ओट्याच्या बाहेर न बोललेल्या बायका पट्टी घेऊन भिंतीची जाडी मोजू लागल्या आणि गुजरातच्या भूकंपानंतर तिथल्या बायकांना शिकवायला गेल्या. पहिल्या आठवड्यातल्या हजारो उत्साही लोकांपेक्षा या काही बायकांचे काम मी मोठे मानतो.

डोंगरातल्या अपघातांत तर सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांशिवाय पान हलत नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तीस जण गेले. पावसात, धुक्यात दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वरचे ट्रेकर्स आणि त्यांचे जोडीदार. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र मंडळ वर्षानुवर्षे हेच करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. जेसीबी वर जाणे अशक्य, हवामानामुळे हेलिकॉप्टर अशक्य. चिखलातली पायवाट चढून आधी पोचले ते आसपासच्या गावांतले लोक आणि खोपोली परिसरातले गिर्यारोहक. फावडी, टिकाव आणि हात, एवढीच सामग्री. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तिथे मोलाचे काम केले. पण कोणतेही दल कितीही चपळ असले तरी ते बाहेरूनच येणार. पहिले तास नेहमी गावाचे असतात. २०१४ मध्ये माळीण गाव दरडीखाली गेल्याची पहिली खबर एसटीच्या चालकाने दिली होती, रोजच्या वळणावर गाव दिसेना म्हणून.

आणि प्रशिक्षणाविना धावून जाण्याची किंमत काय, ते ब्रह्मनाळला दिसले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या या गावातून लोकांना ग्रामपंचायतीच्या बोटीतून बाहेर काढले जात होते. ८ ऑगस्टला बोट उलटली. माणसे क्षमतेहून अधिक आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. डझनाहून अधिक गावकरी बुडाले, त्यांत लेकराला धरलेल्या आया होत्या. बोट चालवणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. बोटीत किती जणांना घ्यायचे आणि उरलेल्यांना 'थांबा' कसे सांगायचे, हे शिकवलेला एक माणूस काठावर हवा होता.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेली 'आपदा मित्र' योजना या दिशेने गेली आहे. बारा दिवसांचे प्रशिक्षण, लाइफ जॅकेट-बॅटरीसह एक संच, विमा. ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट. नागरी संरक्षण कायद्यातही २००९ च्या दुरुस्तीने युद्धाबरोबर आपत्ती आली. कागद बरे आहेत. अडचण पुढच्या वर्षांची असते. संचातली बॅटरी संपते, विम्याची मुदत संपते, मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, यादीत नाव तसेच राहते. जर्मनीत १९५० मध्ये स्थापन झालेले टेक्निशेस हिल्फ्सवेर्क हे दल जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर, सुमारे ऐंशी हजार लोकांवर, चालते. कर्तव्यावर गेलेल्या स्वयंसेवकाचा पगार मालकाला कापता येत नाही आणि खासगी मालकाला ती रक्कम सरकार भरून देते. नियमित तालीम, गावात स्वतःचा गाड्यांचा तळ. यात देशप्रेमाचा आरडाओरडा कुठेच नाही, हिशेब आहे. आपल्याकडे इरशाळवाडीहून परतलेल्या कामगाराने बुडालेले दोन खाडे कुणाकडे मागायचे?

सैनिकी सेवा सक्तीची करा, अशी मागणी दर काही वर्षांनी जोर धरते. १९६३ ते १९६८ चा अनुभव समोर असताना तिच्यात मला राम दिसत नाही. सक्तीला लागणारा पैसा, प्रशिक्षक आणि मैदाने आपल्याजवळ असतील, तर ती आधी आपण होऊन आलेल्यांवर खर्च करावीत. तालुक्याला एक सुसज्ज तळ, होमगार्डला बंदोबस्ताइतकेच बचावाचे प्रशिक्षण, दर वर्षी नव्याने तपासलेली यादी, विमा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. एवढे झाले तर मे २०२५ सारखी घाईची पत्रे काढावी लागणार नाहीत.

वाचकांपैकी ज्यांना वाटते की आपण काही करू शकतो, त्यांच्यासाठी दारे आजही उघडी आहेत. नोकरी किंवा व्यवसाय असलेल्या १८ ते ४२ वयाच्या पदवीधरांना प्रादेशिक सेनेच्या अधिकारीपदासाठी अर्ज करता येतो. होमगार्डमध्ये विसाव्या वर्षापासून, नागरी संरक्षणात अठराव्या वर्षापासून घेतात. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे. तिथे जाऊन आपल्या गावात किंवा प्रभागात प्रशिक्षित माणूस कोण आहे ते विचारा, आणि कुणी नसेल तर आपले नाव द्या, पावसाळ्याच्या आधी.